पिंपाचं पेटंट

१२ जानेवारी २०२४

लोकार्पण! आमच्या पिंपाचं लोकार्पण ठरलं! मंत्री येणार, मांडव घालणार, फीत कापणार, शाली वाटणार. पिंप काय — साधा निळा, प्लॅस्टिकचा. उभा चिरून अर्धा केलेला, एका बाजूने जरासा उचललेला. त्यात खाडीचं पाणी, माशांच्या टाकीला लावतात तो पंप आणि एक टायमर.

पण काम करतो हो! तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, बाजारातून आणून रात्रभर पाण्यात ठेवा, तरी कालवणात दाताखाली वाळू कचकचतेच. माझ्या पिंपात पाणी सारखं चढतं-उतरतं. तिसऱ्यांना वाटतं भरती आली. बिचाऱ्या तोंड उघडतात आणि दोन तासांत पोट साफ! एवढ्यासाठी तीन वर्षं सरकारी अनुदान लागलं. तीन वर्षं मी अंगाला तिसऱ्यांचा वास घेऊन एसटीने फिरले. शेजारची सीट कायम रिकामी. पीएच.डी.चा दुसरा काही फायदा अजून दिसलेला नाही.

"माझ्या पिंपात" हे फक्त या वहीत. बाहेर म्हणायचं, "विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने विकसित केलेल्या".

१३ जानेवारी

लोकार्पण १६ला. माझा करार संपतो १५ला, नवा सुरू १७ला. मधला एक दिवस 'खंड'. दर अकरा महिन्यांनी असतो — उद्या मी कोर्टात जाऊन "सलग नोकरीत होते" म्हणू नये म्हणून. संचालकांना सांगितलं, सर, त्या दिवशी मी नोकरीतच नाही. म्हणाले, "मग पाहुण्या म्हणून या! पंप चालू कोण करणार?"

या वहीत संचालकांचं नाव 'मान्यवर'. शोभतं त्यांना.

१६ जानेवारी

मंत्री आले नाहीत. त्यांचा शुभेच्छा संदेश आला. स्मरणिकेत असे अकरा संदेश आहेत, मान्यवरांचे सात फोटो आहेत आणि पिंपाचा एक. पिंप कसा चालतो याबद्दल एक ओळ नाही! मी दिलेला मजकूर "जागेअभावी" गेला.

फीत शेवटी मान्यवरांनीच कापली, स्वतःच्या शुभहस्ते. मग माइक हातात घेऊन म्हणाले, "मृणाली मॅडम, या वर. लोकांना कळेल असं सांगा. काही राखून ठेवू नका. हे जनतेच्या पैशातून झालंय, जनतेचं आहे!" टाळ्या. मी पाहुणी, मी वर गेले.

आणि मी सांगितलं. सगळं! उतार किती ठेवायचा, पाणी किती मिनिटं चढवायचं, किती वेळ खाली ठेवायचं, वर गोणपाट का टाकायचं. रत्नागिरीजवळच्या साखरतरच्या, तिसऱ्या काढून विकणाऱ्या बचत गटाच्या बायका पुढच्याच रांगेत होत्या — तीन वर्षं मी त्यांच्याच तिसऱ्यांवर प्रयोग करतेय. त्यांची म्होरकी झुबेदा उभी राहून म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं मोठा पिंप हाय, त्याला उतार किती?" तेही सांगितलं. म्हटलं, घरी बनवा, चार घरांत मिळून एक बनवा, कुणाला विचारायची गरज नाही. ती म्हणाली, "मग आता आरे-वारेच्या हॉटेलवाल्यांना मीच दम देते, वाळूचा बहाना करून भाव पाडनं बंद!" सगळा मांडव हसला.

शाल मिळाली नाही. यादीत माझं नाव नव्हतं, मी त्या दिवशी कुणीच नव्हते ना! पण खरं सांगते, सात वर्षांत इतकी खूष मी कधी घरी आले नव्हते.

१९ जानेवारी

कार्यक्रमाचा व्हिडिओ केंद्राच्या यूट्यूबवर चढवला. (तेही काम माझंच. जे कुणाचंच नाही ते माझं.) ग्रंथपाल गुरुप्रसादने तो जोडून दिला, आणि माझ्या सगळ्या भाषणावर सनई टाकली. माझे हात हलताना दिसतात, ओठ हलताना दिसतात, ऐकू येते सनई. त्याला म्हटलं, अरे, लग्न लावतोयस का माझं? म्हणाला, "मंगल वाटतं, मॅडम."

२ फेब्रुवारी

मूल्यांकन समिती येणार आहे. त्यांच्या तक्त्यात एक रकाना — 'पेटंट किती?' आमचं उत्तर: भोपळा. मान्यवरांना घाम फुटला. बैठक. "आपल्याकडे पेटंट घेण्यासारखं काय आहे?" सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. खिडकीबाहेर पिंप.

गुरुप्रसादकडे 'बौद्धिक संपदा कक्षा'चा अतिरिक्त कार्यभार आहे. कक्ष म्हणजे वाचनालयातलं एक कपाट, त्यावर पाटी. पण पठ्ठ्याने माहितीपुस्तिका वाचलेली! म्हणाला, "सर, पेटंटला गोष्ट नवी लागते. आपण अर्जाआधीच ती लोकांना उघड सांगितली असेल तर मिळत नाही. आपण तर लोकार्पण करून बसलोय."

मान्यवर म्हणाले, "अहो, तो कार्यक्रम होता! ते कुठे संशोधन?"

वरातीमागून घोडं! जगात सगळीकडे आधी पेटंट घेतात आणि मग मिरवतात. आमच्याकडे आधी मांडव.

५ फेब्रुवारी

पेटंटचं नाव ठरलं — 'एआय-आधारित भरती-अनुकरण प्रणाली'. विचारलं, सर, पिंपात एआय कुठे आहे? म्हणाले, "टायमर आहे ना!"

९ फेब्रुवारी

अर्जातली संशोधकांची यादी पाहिली. एक, मान्यवर. दोन, सौ. मान्यवर — त्या दुसऱ्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात. तीन, समर्थ — मान्यवरांचा पुतण्या, पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिसरी कशाला म्हणतात ते त्याला ठाऊक असेल का शंका आहे. चार, गुरुप्रसाद — अर्ज त्याने भरला म्हणून.

पाच? पाच नाहीच.

ज्याच्या हाती ससा तो पारधी! सरळ केबिनमध्ये गेले. मान्यवर म्हणाले, "मृणाली, तुम्ही कराराच्या. करारात स्पष्ट लिहिलंय, नोकरीत जे काही सुचेल ते विद्यापीठाचं."

"सर, सुचलेलं विद्यापीठाचं, कबूल. पण सुचलं कुणाला?"

"भावनिक होऊ नका."

बाहेर आल्यावर गुरुप्रसाद हळूच म्हणाला, "मालक वेगळा आणि संशोधक वेगळा, मॅडम. मालक विद्यापीठ, पैसा त्यांचा. संशोधक म्हणजे ज्याच्या डोक्यातून आलं तो माणूस. ते नाव कुणाला बदलता येत नाही." मग तू कसा चौथा रे? तर वाचनालयाकडे सटकला.

मला नाव हवंय. येत्या वर्षात सहायक प्राध्यापकाची कायम जागा निघणार आहे आणि तिथे पेटंटला गुण आहेत — ते तर झालंच. पण गुण नसते तरी हवं असतं! माझं आहे म्हणून हवं. एवढं साधं आहे.

१० फेब्रुवारी

संगमेश्वरहून आईचा फोन. सगळं सांगितलं. म्हणाली, "काय गो बाय, पोर तू काढलास नि बारशाला नाव आत्याच्या घोवाचा?" मग म्हणाली, भांडू नको, नोकरी जाईल. मग दोन मिनिटांनी परत फोन — "जरा भांड."

१४ फेब्रुवारी

भांडायची वेळच आली नाही! मुंबईच्या पेटंट एजंटबाईंचा फोन आला, स्पीकरवर, सगळे संशोधक हजर, मी दाराबाहेर. (समर्थ पुण्याहून ऑनलाइन, गादीवर आडवा.) बाई म्हणाल्या, तपशील लिहायचाय, उतार किती अंशाचा?

मान्यवर म्हणाले, "योग्य तेवढा."

"पाणी चढायला किती वेळ?"

समर्थ म्हणाला, "अल्गोरिदमवर अवलंबून आहे."

"कोणता अल्गोरिदम?"

 मग मान्यवरांनी मला आत बोलावलं. आवाज एकदम मधाळ. "मृणाली, बाईंना जरा सांगता का?" मी म्हटलं, सांगते की सर. यादीत माझं नाव कितवं?

"पाचवं घालू."

म्हटलं, मला आता आठवत नाही बाई उतार किती ते. आणि घरी निघून आले.  काय मजा आली!

२० फेब्रुवारी

पहिलं! पहिलं! संशोधक क्रमांक एक — मृणाली भाटकर! एजंटबाईंनीच सांगितलं म्हणे, जिला तपशील येतो ती वर नसली तर पुढे कुणी प्रश्न विचारला की पंचाईत होईल. मान्यवर दोन. सौ., समर्थ, गुरुप्रसाद आहेतच, आयत्या बिळावर नागोबा. असू देत. माझं काय जातं?

अर्जात एक वाक्य होतं — यापूर्वी ही गोष्ट कुठेही उघड केलेली नाही. एजंटबाईंना लोकार्पणाचं कुणी सांगितलंच नव्हतं. मान्यवर बोलले नाहीत. गुरुप्रसाद बोलला नाही. मीही बोलले नाही.

आज येताना जिलबी घेतली.

११ जून

अर्ज सरकारी जर्नलमध्ये छापून आला. सगळ्यांचेच येतात, मान्यवरांनी जादा फी भरून लवकर आणवला एवढंच! पेटंट मिळालं असा त्याचा अर्थ नाही, अजून तपासणीसुद्धा सुरू नाही. पण मारुती मंदिरच्या नाक्यावर बॅनर — 'पेटंट प्रकाशित झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मान्यवरांचा फोटो पिंपाएवढा. माझा कोपऱ्यात. तरी रिक्षावाल्याने ओळखलं. "मॅडम, तुम्हीच ना त्या? कसलं पेटंट?" म्हटलं, पिंपाचं. म्हणाला, "पिंप तर आमच्या घरी पण आहे."

आईने तो फोटो अख्ख्या वाडीला पाठवला.

झुबेदाचाही फोन. "मुबारक, मॅडम! तुमचा नाव वाचला. आमचे आता सहा पिंप झाले. हॉटेलवाले रोज मागतात, वाळू नाय म्हनून भाव पन करीत नायत."

४ सप्टेंबर

मुंबईच्या एका निर्यातवाल्या कंपनीला पिंप हवाय. एकटीलाच. दुसऱ्या कुणी वापरायचा नाही, ही अट. मान्यवर हवेत. "उद्योग-विद्यापीठ सहकार्य!" करारावर सह्या, फोटो, पेढे. जनतेचं ते जनतेलाच मनाई — आणि वर पेढे!

मला वाटलं, कागदावरची अट. कागदावरच राहील.

१८ सप्टेंबर

राहिली नाही. कंपनीचा माणूस आरे-वारेला जेवला आणि त्याच्या ताटात बिनवाळूच्या तिसऱ्या आल्या. कुठून? साखरतरहून.

मान्यवर म्हणाले, बचत गटाला पत्र द्या. मसुदा कोण करणार? "मृणाली, तुमचं मराठी चांगलं." केला. "सदर तंत्रज्ञानाची मालकी विद्यापीठाकडे असून संशोधक डॉ. मृणाली भाटकर व इतर यांच्या नावे पेटंट प्रक्रियेत आहे. सबब आपण सदर प्रणालीची निर्मिती व वापर तात्काळ बंद करावा." 'सबब' शब्द मला फार आवडतो. तो घातला की लिहिणाऱ्याचा काही संबंध राहत नाही.

प्रयोगासाठी गटाला दिलेले केंद्राचे दोन पिंप परत आणायला गाडी गेली. पिंप आता गोदामात उभे आहेत.

२० सप्टेंबर

झुबेदा आली. बरोबर मुलगी इरम, रत्नागिरीतच वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वाटलं, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. खुर्चीवर बसली, पत्र टेबलावर ठेवलं, बोट ठेवून म्हणाली, "ह्यो तुमचाच नाव ना?"

"हो."

"म्हंजे तुमी बंद केला?"

"मी नाही हो, विद्यापीठाने."

"विद्यापीठ कोन हाय? मला भेटवा. मी तं मांडवात तुमालाच ऐकला. तुमी बोललाव, घरी बनवा, कुनाला इचारू नका. आमी नाय इचारला."

मी म्हटलं, पैसा सरकारचा होता, त्यामुळे मालकी...  ती म्हणाली, "सरकारचा म्हंजे कुनाचा? साबनाच्या वडीवर पन टॅक्स भरतो आमी. आनी तुमच्या पिंपात तीन वर्सं तिसऱ्या कुनाच्या होत्या?"

इरम मात्र थंड डोक्याची. "मॅडम, पेटंट अजून मिळालेलं नाही, मग हे पत्र कशाच्या जोरावर? आणि मिळायच्या आधी विरोध कुणीही करू शकतं. कुणीही. अम्मीसुद्धा."

झुबेदा उठताना म्हणाली, "नाव आला, बरा झाला. आमी खूष झालो होतो." दारापर्यंत गेले पोचवायला. तिने मागे बघितलं नाही.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

२ ऑक्टोबर

सुट्टी. बॅनर अजून नाक्यावर आहे. पावसाने मान्यवरांचं नाक गेलंय.

१४ मार्च २०२५

केंद्रात आग लागल्यासारखी धावपळ! पेटंट ऑफिसमध्ये विरोध दाखल झाला. विरोधक — झुबेदा आणि गटाच्या सगळ्या बायका. म्हणणं एवढंच — अर्जाच्या आधी, १६ जानेवारीला, ही पद्धत भर मांडवात सगळ्यांना सांगितली होती. आता ती नवी कशी?

मान्यवरांनी पहिलं काय केलं? "मृणाली, तो व्हिडिओ आधी यूट्यूबवरून काढा!" काढला. अर्ध्या रत्नागिरीच्या मोबाइलमध्ये आहे तो. पण त्यात आहे काय? सनई! मान्यवरांना हे कळल्यावर त्यांनी गुरुप्रसादची पाठ थोपटली. "दूरदृष्टी!" स्मरणिकेत काही नाही, व्हिडिओत ऐकू येत नाही. बायकांच्या शब्दाला पुरावा काय?

मी त्या दिवशी काय बोलले ते पक्कं सांगू शकेल असं माणूस एकच आहे.

१७ मार्च

केंद्राचे वकील आले. हुशार आहेत, मानलं! म्हणाले, "व्हिडिओ सोडा. मॅडम बोलल्याच नाहीत असं म्हणणं कठीण, पन्नास बायका ऐकायला होत्या. पण कायद्यात एक वाट आहे. मालकाच्या संमतीशिवाय कुणी परस्पर फोडलं, तर ते उघड झालं असं धरत नाहीत. मॅडम त्या दिवशी नोकरीत होत्या का?"

मान्यवरांचा चेहरा उजळला. खंड! माझा तो एक दिवसाचा खंड! "नव्हत्या! रेकॉर्डवर आहे!"

"सोन्याहून पिवळं! मॅडमनी फक्त प्रतिज्ञापत्र द्यायचं — त्या दिवशी संस्थेशी माझा संबंध नव्हता, कुणी बोलायला सांगितलं नव्हतं, मी स्वतःच्या उत्साहात परवानगीशिवाय बोलले."

म्हणजे तीन वर्षं खपून मी पिंप केला, आणि नोकरीत नसताना मीच तो चोरून लोकांना सांगितला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

वकील गेल्यावर मान्यवर थांबले. कायम जागेची जाहिरात निघालीय, मुलाखती २८ला. समितीत ते आहेत. म्हणाले, "पेटंट टिकलं तर तुमचे गुण टिकले. बाकी मी काय बोलणार, तुम्ही सुज्ञ आहात." चहा मागवला माझ्यासाठी. आठ वर्षांत पहिल्यांदा.

१८ मार्च

मसुदा तयार करून आणून दिला. माझं नाव, माझा पत्ता, सहीची जागा. 'सबब' तीन वेळा.

१९ मार्च

आईला सांगितलं. म्हणाली, "एका सहीचा प्रश्न हाय ना गो? तुजा वय काय रवणार हाय? माजे डोले मिटायच्या आदी तुला पक्की नोकरी लागलेली बघूंदे." मी म्हटलं, आई, खोटं आहे ते. म्हणाली, "मग मला कशाला इचारतंस?" आणि फोन ठेवला. रडत होती बहुतेक.

२१ मार्च

काल दिवसभर मसुदा पर्समध्ये होता. भाजी आणायला गेले तरी पर्समध्ये. त्यातल्या बाकीच्या खोट्याचा मला एवढा राग येत नाही. मान्यवर खोटं बोलणारच, मासा पोहणारच. राग एका शब्दाचा येतो. 'परवानगीशिवाय'. अरे! एवढ्या वर्षांत एकदाच मला कुणी वर बोलावलं, माइक दिला, म्हटलं काही राखून ठेवू नका. एकदाच मी मनापासून बोलले. तेवढं एक माझं होतं. तेही आता गुन्ह्यात जमा करा म्हणतात, आणि वर गुन्हेगाराची सही मागतात!

आणि सही केली तर? जागा मिळेल. अभिनंदनाचा बॅनर लागेल. साखरतरच्या बायका परत घमेल्यात पाणी भरून रात्रभर वाट बघत बसतील. आणि मी दर महिन्याला पगार घेऊन बाजारात त्यांच्याच समोरून जाईन. तिसऱ्या घेईन का त्यांच्याकडून? देतील म्हणा. झुबेदा मापात हात आखडता घेणारी नाही.

सही करून द्यायची उद्या शेवटची तारीख.

२२ मार्च

कोर्टाजवळच्या नोटरीकडे जाऊन आले. त्यांचा मसुदा नेलाच नाही, स्वतः लिहिला. मी सगळं सांगितलं. संचालकांनी माइकवरून सांगायला लावलं म्हणून सांगितलं. विरोधकांचं म्हणणं खरं आहे. खाली सही — मृणाली भाटकर, संशोधक क्रमांक एक.

नोटरी म्हणाले, "मॅडम, वाचून बघा परत, तुम्ही तुमच्याच विरुद्ध लिहिलंय."

वाचलं. पेटंट ऑफिसला स्पीडपोस्टने टाकून आले. आईचे दोन फोन येऊन गेलेत, अजून उचललेला नाही.